मान हलवणारी मोटारसायकल

मुलांनो, नाशिकला येऊन गेला असाल तर तुम्ही पंचवटी पाहिली असेल, रामकुंड पाहिलं असेल, पांडवलेण्याच्या पायऱ्याही मोजल्या असतील. त्र्यंबकेश्वरलाही जाऊन आला असाल. पण त्र्यंबकला जाताना तुमची एसटी सातपूरमधून गेली, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? बहुतेक नाही. आयटीआयचा सिग्नल मागे पडला की पपया नर्सरीचा चौक येईपर्यंत दोन्ही बाजूंना जे दिसतं ना, कारखान्यांच्या भिंती, कामगारांच्या बसगाड्या, वडापावच्या गाड्या आणि मोटारसायकलीच मोटारसायकली, ते आमचं सातपूर! महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, १९६२ मध्ये स्थापन झाली. तिच्या जुन्या वसाहतींपैकी ही एक.

मी इथे प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे आईबाबा कुठल्या ना कुठल्या कारखान्यात जातात. इथे महिंद्राच्या मोटारी बनतात, बॉशच्या कारखान्यात डिझेल इंजिनांना लागणारे बारीक बारीक सुटे भाग बनतात आणि सिएटचा टायरचा कारखानाही इथेच आहे. सिएट हे नाव कुठून आलं, ठाऊक आहे? इटलीत ट्यूरिन नावाचं शहर आहे. तिथे १९२४ मध्ये ही कंपनी निघाली. ‘विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू, ट्यूरिन’ अशा अर्थाचे जे इटालियन शब्द होते, त्यांची ही आद्याक्षरं. म्हणजे नावात तारा आणि कामात टायर! गंमतच आहे की नाही?

तर अशा या गावात चाकांबद्दल बोलणं चालूच असतं. एकदा चौथीच्या वर्गात परिसर अभ्यासाचा तास चालू होता. एक मुलगी उठली आणि म्हणाली, “बाई, आमची नवी गाडी मान हलवते.”

“म्हणजे गं?”

“हायवेला गेलो ना, की हँडल असं असं करतं. नाही, नाही, नाही!” तिने दोन्ही हात पुढे धरून भराभर हलवून दाखवले. सगळा वर्ग हसला. ती मात्र हसली नाही. दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या गाडीवरून कसारा घाट उतरून शहापूरला आजोळी जायचं ठरलं होतं. आता आजी म्हणत होती, “गाडीच नको म्हणतेय, तर पोरीला कशाला बसवता?” आणि आजीचं काही चुकत नव्हतं. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली. त्यांतली शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची होती.

आता ही गाडी कोणती, ते सांगते. सातपूरहून दोन तऱ्हेचे रस्ते निघतात. एक पश्चिमेला जातो: महिरावणी, अंजनेरी, त्र्यंबक. तिथून आत वळलात की हरिहर किल्ल्याच्या पायथ्याकडचे खड्ड्यांचे, मुरमाचे आणि पावसाळ्यात चिखलाचे रस्ते लागतात. दुसरा रस्ता अंबडकडून पाथर्डी फाट्याला मुंबई-आग्रा महामार्गाला मिळतो. विल्होळी, वाडीवऱ्हे, घोटी, इगतपुरी असा तो सरळ, रुंद, ट्रकांनी भरलेला रस्ता. काही गाड्या या दोन्ही रस्त्यांसाठी म्हणून बनवलेल्या असतात. त्यांना ड्युअल स्पोर्ट म्हणतात. उंच, सडपातळ, पुढचं चाक मोठं, आणि पुढचा मडगार्ड पक्ष्याच्या चोचीसारखा वर काढलेला. जपानच्या यामाहाने १९६८ मध्ये डीटी-१ नावाची अशी गाडी आणली आणि ती खूप खपली. जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९८० मध्ये आपल्या गाडीला ‘जीएस’ नाव दिलं. जर्मन भाषेत त्याचा अर्थ ‘रान’ आणि ‘रस्ता’! आपल्याकडे २०११ मध्ये हीरोची इम्पल्स आली, २०१६ मध्ये रॉयल एनफील्डची हिमालयन आणि २०१९ मध्ये हीरोची एक्सपल्स. आमच्या गल्लीत अशा सगळ्याच गाड्यांना ‘डोंगरी गाडी’ म्हणतात. मीही तेच म्हणणार आहे.

डोंगरी गाडीची खुबी कशात असते? पहिल्या हिमालयनचं पुढचं चाक २१ इंची होतं आणि गाडीचं पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर होतं. तुमची फूटपट्टी उभी धरा, २२ सेंटिमीटरवर बोट ठेवा. तेवढा दगड खालून निघून जातो! पण गाडी उंच केली की तिचं वजनही उंच जातं, आणि वाऱ्यालाही जास्त अंग मिळतं. खड्ड्यात चाक भरपूर वरखाली व्हावं म्हणून लांब, मऊ शॉकअप दिलेले असतात. मातीत पकड मिळावी म्हणून टायरला मोठमोठे गठ्ठे असतात. म्हणजे अंजनेरीच्या पलीकडे जे गुण, तेच विल्होळीच्या पुढे थोडे थोडे अवगुण होतात. अशी गाडी वाईट नसते, बरं का. ती दोन मालकांची नोकर असते, एवढंच.

आता मुख्य प्रश्न. मान का हलते?

याचं उत्तर मोटारसायकलपेक्षा ढकलगाडीत चटकन दिसतं. दवाखान्यातली ट्रॉली किंवा मॉलमधली सामानाची ढकलगाडी आठवा. तिची पुढची छोटी चाकं एका उभ्या खिळ्याभोवती गरगर फिरू शकतात. तुम्ही गाडी ढकलली की चाक आपोआप खिळ्याच्या मागे येतं आणि मुकाट्याने मागे मागे चालतं. मोटारसायकलच्या पुढच्या चाकाचंही तसंच आहे. हँडल ज्या तिरक्या दांड्याभोवती फिरतं, तो दांडा सरळ खाली वाढवला तर तो जमिनीला चाकाच्या थोडा पुढे टेकेल. चाक जमिनीला टेकतं ती जागा त्याच्या मागे, साधारण दहा सेंटिमीटरवर असते. या अंतराला ट्रेल म्हणतात. ट्रेलमुळे चाक भरकटलं तरी परत सरळ ओढलं जातं.

पण तीच ढकलगाडी जोरात पळवून पाहा (दुकानात नको!). एखादं चाक मधेच फडफडायला लागतं. का? सरळ ओढलं गेलेलं चाक मधे न थांबता जरा पलीकडे जातं. मग तिकडून परत, पुन्हा पलीकडे. झोपाळ्यासारखं. खिळा घट्ट असेल तर हा झोका लगेच विरतो. ढिला असेल तर विरत नाही, उलट वाढतो. मोटारसायकलच्या हँडलची ही फडफड सेकंदाला चार ते दहा वेळा होते. टेबलावर बोटाने एका सेकंदात सात टिचक्या मारून पाहा, म्हणजे अंदाज येईल. याहून वेगळा एक आजार आहे, त्यात हँडल नाही तर सगळी गाडीच मासळीसारखी डावी-उजवी वळवळते, सेकंदाला दोन-तीन वेळा. तो जास्त वेगात आणि मागे जास्त ओझं असेल तेव्हा येतो.

विमानाच्या पुढच्या चाकालाही ही फडफड होते, हे ऐकून मुलांना फार मजा वाटली. कारण नाशिकजवळच ओझरला एचएएलचा विमानांचा कारखाना आहे. तिथे मिग-२१ बनली, पुढे सुखोई बनली. धावपट्टीवर चाक फडफडू नये म्हणून पुष्कळ विमानांच्या पुढच्या पायाला एक तेल भरलेली नळी लावतात. दार धाडकन आपटू नये म्हणून वर क्लोजर लावतात ना, त्याचीच ही चुलत बहीण. मोटारसायकललाही अशी नळी मिळते. तिला स्टिअरिंग डॅम्पर म्हणतात. आमच्या त्या मुलीच्या बाबांच्या मनात तीच घ्यायची होती. किंमत ऐकून ते जरा गप्प झाले होते.

मग आम्ही काय केलं? परिसर अभ्यासात क्षेत्रभेट असते. एरवी पोस्ट, बँक, फार तर रोपवाटिका. या वेळी मी मुख्याध्यापकांची परवानगी काढली आणि वर्ग नेला कॉलनीतल्या गॅरेजात. मिस्त्रीकाका आधी चाळीस मुलं बघून घाबरलेच. मग म्हणाले, “पोरांनो, कशाला हात लावायचा नाही, सायलेन्सर गरम आहे.” आणि बाबांकडे वळून म्हणाले, “डॅम्पर राहू द्या हो दादा. आधी हवा बघू.”

हवा! पुढच्या टायरमध्ये जितकी हवी त्याच्या पाऊण भागही नव्हती. कारण असं, की महिन्याभरापूर्वी बाबा हरिहरच्या पायथ्याला गेले होते. मुरमावर, दगडांवर टायर जरा मऊ असला की पकड चांगली बसते, म्हणून डोंगरी गाडीवाले तिथे हवा कमी करतात. परत डांबरावर आल्यावर ती भरायची राहून जाते. मऊ टायर वेगात बाजूला दबतो, उसळतो, पुन्हा दबतो. झोक्याला आणखी काय पाहिजे? किती हवा भरायची ते गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तकात असतं, आणि पुष्कळ गाड्यांवर स्टिकरवरही छापलेलं असतं. एकट्यासाठी वेगळा आकडा, दोघांसाठी वेगळा. आणि ती मोजायची गाडी चालवण्याआधी, टायर थंड असताना. चालून गरम झालेल्या टायरात हवा फुगते आणि काटा खोटं बोलतो.

मग काकांनी टायरचे गठ्ठे दाखवले. ते बाबांनी हौसेने बसवलेले होते, चिखलासाठी. इथे मला वर्गातला खोडरबर आठवला. तुम्हीही करून पाहा. खोडरबर उभा धरून टोकावर दाबा आणि बाजूला ढकला. कसा वाकतो! आता तोच आडवा ठेवून ढकला. हलत नाही. उंच गठ्ठ्यांचा टायर म्हणजे उभे खोडरबर. डांबरावर प्रत्येक गठ्ठा थोडा थोडा वाकतो, आणि गाडी तरंगल्यासारखी वाटते. कमी उंचीचे, जवळजवळ बसवलेले गठ्ठे असलेला टायर घेतला तर महामार्गावर मोठा फरक पडतो, चिखलात मात्र थोडी पकड जाते. दोन्ही मिळत नाही. बाबांनी टायर काही बदलला नाही. “झिजला की बघू,” म्हणाले. पैशाचा विचार करावाच लागतो.

यानंतर काकांनी पुढचं चाक वर उचलून फिरवलं आणि पान्याने एकेका आऱ्यावर हळूच टिचकी मारली. टण, टण, टण, ठक! सगळी मुलं एकदम ओरडली, “हा ढिला!” असे तीन निघाले. आरे ढिले झाले की चाक वाकडं फिरतं. त्याला आऊट येणं म्हणतात. तो आऊट काढणं सायकलवाल्यांकडे तुम्ही पाहिलंच असेल. मग काकांनी पुढचे दोन्ही पाय खालून धरून मागेपुढे हलवले. बारीकसा ‘खट’ असा आवाज आला. हँडलच्या दांड्यात वर आणि खाली गोळ्यांची बेअरिंगं असतात, त्यांना गॅरेजात कोनसेट म्हणतात. तो ढिला होता. म्हणजे आपल्या ढकलगाडीचा ढिला खिळाच! तो कसताना काका फार जपत होते. जास्त आवळला तर हँडल जड होतं आणि गाडी सावकाश चालवतानाही वळवळते. मागच्या चाकाचे बुश तपासले, ते ठीक होते. चाक सरळ बसलंय का, हे साखळीजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा मोजून पाहिलं. त्यात फार वेळ गेला नाही.

सगळ्यात जास्त वाद झाला तो डब्यावरून. गाडीच्या मागे, सीटच्याही मागे, बाबांनी मोठा डबा लावला होता. आत पाना-पक्कड, रेनकोट आणि आजोळी न्यायचा खाऊ. शिवाय मधे मुलगी. मागे इतकं ओझं झालं की मागचा शॉकअप दबतो, गाडीचं नाक वर होतं आणि पुढचं चाक हलकं पडतं. हलक्या चाकाला जमीन धरून ठेवता येत नाही. आणि डबा उंच! त्र्यंबकहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघते ना, त्या दिंडीत पताका धरून चालला असाल तर तुम्हाला कळेल. वारा लागतो वरच्या कापडाला आणि हेलकावा बसतो आपल्याला. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर दुप्पट नाही, चौपट होतो. ताशी ४० ला जो डबा मुकाट बसतो, तो ८० ला चौपट ओढतो.

ओझं कुठे आहे याला किती महत्त्व असावं? अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अजब छोटी सायकल बनवली. फिरत्या चाकांमुळे भोवऱ्यासारखा तोल मिळतो असं आपण म्हणतो, तर त्यांनी उलटी फिरणारी चाकं जोडून तो परिणामच काढून टाकला. ट्रेलही ठेवला नाही. तरी कुणी न बसता, नुसती ढकलून दिली की ती सायकल तोल सावरत सरळ गेली. वजनं कुठे ठेवायची हे त्यांनी नेमकं साधलं होतं.

तर डबा निघाला. पाना-पक्कड आणि रेनकोट दोन बाजूंच्या खालच्या पिशव्यांत गेले, दोन्हीकडे सारखं वजन. खाऊ मुलीच्या पाठीवरच्या दप्तरात. मागचा शॉकअप दोन खाचा कडक केला, कारण आता दोघं बसणार. डॅम्परचं काय? मला वाटतं, ढिल्या कोनसेटवर डॅम्पर लावणं म्हणजे ताप कशाने आला ते न बघता नुसती गोळी घेणं. आधीचं सगळं नीट करूनही फडफड उरली तर तो जरूर लावावा. काकांचं मत याहून कडक होतं, ते इथे छापण्यासारखं नाही!

मग बाबा एका रविवारी पहाटे एकटेच इगतपुरीपर्यंत जाऊन आले. हँडल शांत. पुढच्या रविवारी त्यांचा भाऊ मागे बसला. घोटीच्या अलीकडे एक लांबलचक कंटेनर ओलांडताना गाडी एकदा हलली, पण ती वाऱ्याच्या फटक्याने. आधी ट्रक वारा अडवतो, आणि त्याच्या पुढे गेलं की वारा अचानक अंगावर येतो. एक हेलकावा आणि संपलं. ती फडफड पूर्वी सुरू व्हायची ताशी ८५ च्या पुढे. आता गंमत पाहा: केंद्र सरकारने २०१८ मध्ये ठरवलेल्या वेगमर्यादेत, मधे दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारसायकलला जास्तीत जास्त ८० चीच परवानगी आहे! हे मी बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांनी कोनसेटकडे पाहिलं. (आणि समृद्धी महामार्गावर तर दुचाकीला प्रवेशच नाही.)

आजीने तीन अटी घातल्या. वेग सत्तरच्या वर नाही, ऊन चढायच्या आत निघायचं आणि मुलीला तिच्या मापाचं हेल्मेट. तिसरी अट कायद्याचीही आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसणाऱ्यालासुद्धा, हेल्मेट हवंच. चारच्या आतल्या बाळांसाठी २०२३ पासून वेगळा नियम आहे: त्यांनाही हेल्मेट, चालवणाऱ्याला बांधलेला पट्टा आणि वेग ताशी ४० च्या आत.

मिस्त्रीकाकांनी निघताना मुलीला तिचं कामही शिकवलं. मागे बसणारा म्हणजे चालतं-बोलतं ओझं. मधेच मागे वळून पाहायचं नाही, वळणावर बाबांबरोबर कलायचं, दोन्ही हातांनी धरून बसायचं. आणि बाबांना सांगितलं, की कधी हँडल हललंच तर त्याच्याशी कुस्ती खेळू नका. हात सैल, गुडघ्यांनी टाकी घट्ट धरा, गॅस हळूहळू कमी करा, ब्रेक कचकन दाबू नका. फडफड वेगाबरोबर उतरते.

दिवाळीत ती शहापूरला जाऊन आली. घाटात धुकं होतं आणि लाडू सगळे फुटले, एवढीच तक्रार.

आता तुमच्यासाठी एक शोध. घरची मोटारसायकल किंवा स्कूटर उभी असताना, गार असताना, टायरच्या बाजूवर बारकाईने पाहा. लंबगोल चौकटीत चार आकडे दिसतील. समजा ३५२३ असले, तर तो टायर २०२३ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनला. जवळच एखादा बाणही असेल, तो चाकाच्या फिरण्याची दिशा दाखवतो. पंक्चर काढताना टायर कधी कधी उलटा बसतो, म्हणून तोही पाहा. जुन्या टायरचं रबर कडक होतं, त्याला बारीक चिरा पडतात. नखाने दाबलं तर समजतं. हे सगळं वहीत लिहा: पुढचा टायर, मागचा टायर, जन्माचा आठवडा, हवा किती हवी आणि किती निघाली. आमच्या वर्गात अठरा गाड्यांची यादी झाली. सगळ्यात म्हातारा टायर निघाला तो माझ्याच स्कूटरचा. मुलांपेक्षा फक्त एक वर्षाने लहान!